ड्रॉइंग बोर्डवरचा कॉम्प्युटर

"सर, पुन्हा अडकलं."

आम्रपालीने माउस सोडला आणि हाताची घडी घालून ती खुर्चीत मागे रेलली. पडद्यावर वसाहतीची तिसरी गल्ली अर्धवट उभी होती. भिंती आल्या होत्या, छपरं यायची होती आणि मधोमध ते छोटं चक्र गरगरत होतं.

"थांब थोडी. विचार करतोय तो."

"विचार नाही करून राहिला जी तो. झोपला."

मी उठून चहा ठेवायला गेलो. चहा उकळला, गाळला, आणून ठेवला, तरी चक्र फिरतच होतं.

आमच्या गावाशेजारी औष्णिक वीज केंद्र होतं आणि त्याला लागून कामगारांची वसाहत. वसाहतीच्या शाळेत मी चित्रकला आणि भूमितीचं ड्रॉइंग शिकवत असे. निवृत्त झालो तेव्हा वसाहतीच्या फाटकाबाहेरच माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. दुपारी पोरं यायची. कुणाला नकाशा काढायचा असे, कुणाला कॉम्प्युटरवर हात मारायचा असे. मला पोरं लागतातच. सुमन, माझी बायको, गेल्यावर तर जास्तच.

पुढे केंद्रातले वीज बनवणारे जुने संच बंद करायचं ठरलं. कामगारांच्या बदल्या सुरू झाल्या. दर महिन्याला एखादा ट्रक फाटकातून बाहेर पडायचा, आणि दुपारी माझ्या ओसरीवरच्या चपला तेवढ्या कमी व्हायच्या. शेवटी एकच जोड उरला, तो आम्रपाली गजभियेचा. ती नववीत होती. तिचे बाबा मनोहरराव कोळसा विभागात होते. त्यांनाही परळीच्या केंद्राची ऑर्डर आली होती. तिची परीक्षा झाली की तेही निघणार होते. त्यानंतर वसाहत पाडायची होती.

म्हणून ती अख्खी वसाहत कॉम्प्युटरवर उभी करत होती. नुसतं चित्र नाही. आत शिरून गल्लीतून चालत जाता येईल, असं. ती टेप घेऊन क्वार्टरं मोजत हिंडायची. निघायच्या आधी सगळं पुरं व्हायला हवं होतं, आणि माझा कॉम्प्युटर तिसऱ्या गल्लीच्या पुढे जायला तयार नव्हता.

"एकेक गल्ली वेगळी ठेवू," मी म्हणालो. "तुकडे केले की हलकं होईल."

"नाही सर. सगळी एकत्र पाहिजे. आणि प्रोग्रॅम नवीन पाहिजे मला. तो याच्यावर चढतच नाही. याचा प्रोसेसर जुना आहे."

"नव्या प्रोग्रॅममध्ये असं काय आहे?"

"आहे काहीतरी," ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतू लागली.

तो कॉम्प्युटर मी निवृत्तीनंतर नागपूरच्या एका शोरूममधून आयताच आणला होता. काळा, गुळगुळीत, कंपनीचं नाव लिहिलेला डबा. तो कधी उघडायचा असतो हेही मला ठाऊक नव्हतं. आम्रपालीला ठाऊक होतं. तिने व्हिडिओ पाहिले होते. प्रोसेसर बदलायचा तर तो ज्याच्यावर बसतो तो मदरबोर्डही बदलावा लागतो, हे तिनेच मला समजावलं. मी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं, आवाज न चढवता.

तालुक्याला जयस्वालचं दुकान होतं. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, कंपनीचा डबा आहे. आपला बोर्ड त्यात बसते की नाही, सांगता येत नाही. त्यापेक्षा नवीनच घेऊन टाका न."

"मोजून आणलंय," मी म्हणालो, आणि पिशवीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली.

आदल्या दिवशी आम्ही डबा उघडला होता. जुन्या बोर्डाचे स्क्रू ज्या भोकांतून जातात, त्या प्रत्येक भोकाचं केंद्र मी आम्रपालीकडून ट्रेसिंग पेपरवर नोंदवून घेतलं होतं. आता तिने तो कागद जयस्वालच्या नव्या बोर्डावर ठेवला. भोकं तंतोतंत जुळली.

जयस्वालने कागद उचलून उजेडात धरला. "हे असं करणारं गिऱ्हाईक आजपर्यंत नाही पाहिलं मी."

"ड्रॉइंगचे सर आहेत," आम्रपाली म्हणाली.

त्याने प्रोसेसर दिला, बोर्ड दिला, आणि वीज पुरवणारा नवा डबाही दिला. "हा एसएमपीएस पण न्या. कंपनीचा सप्लाय याला लागत नसते. प्लगच वेगळा राहते त्यांचा." परतीच्या एसटीत आम्रपालीने बोर्डाचं खोकं मांडीवर धरलं होतं आणि गचका बसला की दोन्ही हातांनी उचलून अधांतरी धरत होती.

घरी येऊन नवा बोर्ड जुन्याच्या जागी ठेवला.

भोकं जुळत होती. पण बोर्डाच्या कडेला वायरी लावायची जी बिळं असतात, ती डब्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर डोकावायला हवीत. डब्याची खिडकी कंपनीने स्वतःच्याच बोर्डाच्या मापाने कापलेली होती. नव्या बोर्डाची बिळं सरळ पत्र्यावर आपटत होती. पुढच्या चालू-बंदच्या बटणाची वायर तर कुठेच लागेना. तिचा प्लग कंपनीचा खास होता.

आम्रपालीने ट्रेसिंग पेपर पाहिला, मग बोर्ड पाहिला.

"सर, आपण वरून पाहिलं. बाजूने नाही पाहिलं."

"हं."

"प्लॅन काढला, एलिव्हेशन राहिलं."

"हो."

"याचे तुम्ही आमचे किती मार्क कापायचे?"

"निम्मे," मी म्हणालो. सगळी उमर पोरांना सांगण्यात गेली, की वस्तू वरून पाहिली तेवढ्याने कळत नाही, बाजूनेही पाहा. आणि मीच ते विसरलो होतो. ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मग मलाही हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी दोन माणसं एकदम हसली.

हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "डबा पाहिजेच कशाला?"

कोपऱ्यात माझा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. लाकडी, वापरून गुळगुळीत झालेला. ती त्याच्याकडे पाहत होती, पण मागायला कचरत होती.

"घे," मी म्हणालो. "तसाही पडूनच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामाला बसलो. लाकडावर भोकांच्या खुणा करून तिने मदरबोर्ड बसवला. खाली आधाराला पितळेच्या छोट्या खुंट्या होत्या. मग प्रोसेसरची पाळी आली. तो बिस्किटाएवढा चौकोन. वरून सपाट, खालून केसासारख्या बारीक पिनांची दाट शेती. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता सोडायचा.

"दाबायचं नाही," ती मला सांगत होती. "बरोबर ठेवला तर आपला आपणच बसते. नाही बसला, तर समजायचं आपलं चुकलं."

तिने आधी खिडकीच्या गजाला हात लावला. अंगातली वीज निघून जावी म्हणून असं करायचं असतं. मग प्रोसेसर चिमटीत उचलला.

तेवढ्यात केंद्राचा भोंगा झाला. संच बंद पडत चालले होते, तरी पाळी बदलायचा भोंगा होत असे. पूर्वी तो ऐकूही येत नसे. आता सगळं इतकं सुनं झालं होतं, की तो छातीत वाजायचा. आम्रपाली दचकली. प्रोसेसर तिच्या बोटांतून निसटला आणि पिनांच्या अंगाने फरशीवर पडला.

तिने उचलला. एका कडेच्या पिना झोपल्या होत्या, वारं लागून आडव्या झालेल्या गव्हासारख्या.

ती रडली नाही. "आता नाही होणार सर," एवढंच ती म्हणाली. दुसरा घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते, हे तिला माहीत होतं. तिचे दिवसही संपत आले होते.

"दाखव." मी भिंग घेतलं. पिना वाकल्या होत्या, पण तुटली एकही नव्हती. "वाकलेलं आहे. मोडलेलं नाही."

मी कपाटातून माझी पेनपेन्सिल आणली. तिच्यातली शिशाची काडी काढून टाकली. टोकाला राहिली ती बारीक पोकळ नळी.

"ही पिनेवर घालायची. आणि हळूच उभी करायची. एका दमात नाही. थोडी, मग थोडी."

तिने पेनपेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुम्ही करा."

"तू कर."

"सर, माझ्याच्यानं मोडन. तुम्ही करा न."

तेव्हा माझ्या उजव्या हाताला कंप सुटलेला होता. आदल्या वर्षी सुरू झाला आणि वाढत गेला. चहाचा कप मी अर्धाच भरून घ्यायचो. रेष ओढायची वेळ आली, की पेन्सिल पोरांच्याच हाती द्यायचो. म्हणायचो, तू काढ, मी सांगतो. पोरांना वाटायचं सर शिकवताहेत. तशी शिकतही होतीच ती. पण माझा ड्रॉइंग बोर्ड पडून होता त्याचं कारण हे होतं. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मी भिंग धरतो," मी म्हणालो. "तू बस."

भिंग मी टेबलावर कोपर टेकून, दोन्ही हातांनी धरलं.

"श्वास सोडताना हलव. घेताना थांब."

तिने पहिल्या पिनेवर नळी घातली. श्वास सोडला. पिन किंचित उठली.

"थांब. आता बाजूने पाहा."

"एलिव्हेशन," ती पुटपुटली.

"एलिव्हेशन."

एक पिन उभी झाली. मग तिच्या शेजारची. बाहेर कुठे टेम्पोत सामान चढत होतं, त्याचे आवाज येत होते. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं. मधेच ती उठायची, बोटं झटकायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. तिचे बाबा तिला न्यायला आले, ते ओसरीवरच थांबले.

"काय करून राहिली हे, सर?"

"पिना सरळ करतेय."

मनोहररावांनी दारातून वाकून पाहिलं. "घरी सुईत दोरा ओवाले सांगतलं तर पळते," ते म्हणाले, आणि चपला काढून खाली बसले. ती उठेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

शेवटची पिन उभी झाल्यावर तिने प्रोसेसर त्रिकोणाशी त्रिकोण जुळवून ठेवला आणि सोडला. तो बसला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंग पुढे केलं. तिने तो उचलला, भिंगाखाली धरला, एका पिनेला परत थोडं उभं केलं, आणि पुन्हा सोडला. या वेळी तो आपला आपणच खाली उतरला.

मग वर वाटाण्याएवढी, उष्णता ओढून घेणारी पेस्ट, तिच्यावर पंखा, मग जुनी डिस्क आणि वायरी. सगळं उघडं, लाकडावर मांडलेलं. चालू करायचं बटण तेवढं नव्हतं. बोर्डावर दोन पिना असतात, त्यांना क्षणभर एकमेकींशी जोडलं की यंत्र सुरू होतं. पहिल्यांदा तिने ते स्क्रूड्रायव्हरने केलं. पंखा फिरला. पडदा उजळला. मनोहरराव उठून उभे राहिले.

"पण सर रोज स्क्रूड्रायव्हर कुठे लावत बसतील?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग दाराकडे. "सर, ही बेल कोण वाजवते?"

"कुणीच नाही. तुम्ही पोरं कधी वाजवता?"

दाराच्या बेलचं बटण काढून तिने त्याच्या दोन वायरी त्या दोन पिनांना जोडल्या आणि बटण ड्रॉइंग बोर्डच्या कडेला ठोकलं. तेव्हापासून माझ्या दाराला बेल नाही.

पुढच्या दिवसांत ती परीक्षेचा पेपर देऊन थेट माझ्याकडे येत असे. नवा प्रोग्रॅम चढला. तिसरी गल्ली पुरी झाली, मग चौथी, पाण्याची टाकी, दवाखाना, शाळा. मी शेजारी बसून आठवणीने सांगायचो, की पिंपळाला पार होता, दवाखान्याला जाळीचं दार होतं. ती काढायची. ती मलाही शिकवायची. भिंत कशी ओढायची, कुठे क्लिक करायचं. माउस मात्र मी हातात घेत नसे. "कळलं, कळलं," म्हणत असे.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला वसाहतीतून फिरवून आणलं. बटण दाबलं की आपण फाटकातून आत शिरतो. डावीकडे वळतो. गल्ली येते. कुठेही अडकलं नाही. पाण्यातून होडी जावी तसं ते सरकत होतं. प्रत्येक दारावर पाटी होती. दारं मात्र सगळी बंद होती आणि प्रत्येकाला कुलूप होतं.

"कुलपं कशाला घातलीस?"

"मी मापं घ्यायला गेले तेव्हा होतीच न सर. पाहिलं तसंच काढायचं, तुम्हीच तर म्हणता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मनोहररावांनी हात जोडले. आम्रपाली पुढे, ड्रायव्हरशेजारी आईच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिने खिडकीतून हात बाहेर काढला. "सर, बटण जोरात नका दाबू. नुसतं टेकवा." ट्रक वळला. मी घरी आलो. ओसरीवर माझ्याच चपला.

त्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपार काही सरेना, तेव्हा बटणाला बोट टेकवलं आणि वसाहतीत शिरलो. एकटाच चालत राहिलो. पहिली गल्ली, दुसरी, पार, टाकी. आवाज नाही, माणूस नाही. आम्रपालीने फिरवताना वगळलेल्या शेवटच्या गल्लीत वळलो आणि थांबलो. ठाकऱ्यांच्या आणि सिडामांच्या क्वार्टरच्या मधे रिकामी जागा होती. गजभियांचं क्वार्टर तिथे नव्हतं.

मी मनोहररावांना फोन लावला. त्यांनी तिला दिला.

"पोचलात नीट?"

"हो सर. इथे लाइट जाते सारखी. वीज इथेच बनते, तरी जाते."

"अगं, तुमचं क्वार्टर राहिलं."

मी पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो.

"वेळ पुरला नाही का? मला म्हणाली असतीस तर..."

"वेळ होता सर. ते मी तुमच्यासाठी ठेवलं."

"माझ्यासाठी? मला कुठे..." मी अडखळलो. "मला नाही जमायचं बेटा. माझा हात..."

"माहीत आहे."

खोली फार शांत होती. ड्रॉइंग बोर्डवरचा पंखा तेवढा फिरत होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगेल? आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. संकेतला, पल्लवीला, सगळ्यांना. तुम्ही अर्धा कप चहा घेता. आम्ही आपसात ठरवलं होतं, सरांना रेष काढायला नाही लावायची." मग म्हणाली, "नव्या प्रोग्रॅममध्ये हात हलला तरी रेष सरळ येते सर. तो सरळ करून देते. जुन्यात नव्हतं ते. म्हणून तर मागे लागले होते मी. वसाहत काय, एकेक गल्ली करून जुन्यावरही झाली असती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, आहे न तुम्ही?"

"आहे."

"आमच्या दारासमोर पायऱ्या आहेत, त्या विसरू नका. आणि खिडकी जरा तिरपी आहे. बाबांनी बसवली होती ती."

फोन ठेवला. मग माउसवर हात ठेवला. हात नेहमीसारखाच थरथरत होता. पडद्यावरचा बाणही त्याच्याबरोबर थरथरला. मी ठाकऱ्यांच्या भिंतीपाशी क्लिक केलं आणि ओढत सिडामांच्या भिंतीपर्यंत नेलं. मधे दोनदा हात उडाला. सोडलं. रेष सरळ होती.

एवढी सरळ रेष मी वर्षभरात ओढली नव्हती. दाखवायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी टेप घेऊन मी वसाहतीत गेलो. खिडकी तिरपी होती ती नेमकी किती, ते बघायचं होतं. भिंतीवर चुन्याने फुली मारलेली होती, म्हणजे पाडायला घेणार होते. दाराला कुलूप होतं. मी पायऱ्या मोजल्या, खिडकी मोजली, समोरून पाहिली, मग बाजूने जाऊनही पाहिली. पायरीवर थोडा वेळ टेकलो आणि अंधार पडायच्या आत घरी आलो.

क्वार्टर पुरं करायला मला फार दिवस लागले. मधे तिचे फोन यायचे. कुठपर्यंत आलं, विचारायची. खिडकीशी अडलो तर फोनवरून सांगायची, आणि मी चुकलो तर निम्मे मार्क कापायची. दहावीला गेल्यावर फोन कमी झाले. होणारच. कॉलेजला गेल्यावर वर्षातून एखादा येऊ लागला. आता त्या जागी झुडपं आहेत आणि कुठे क्वार्टर होतं, ते जाऊन दाखवायचं म्हटलं तर मलाही सापडणार नाही.

पण त्या दिवसांतलं सांगायचं तर, सगळ्यात शेवटी दार उरलं. पाहिलं तसं काढायचं, तर कुलूप घालायला हवं होतं. मी आधी दार सताड उघडं काढलं. ते खोटं वाटलं. आत कुणी नव्हतं, आणि उघड्या दारातून ते जास्तच दिसत होतं. बराच वेळ पाहत राहिलो. मग दार लोटून घेतलं, आणि कुलूप घातलं नाही.